चिप्सवर सूट, डाळीवर का नाही?

नंदुरबारच्या मंगळ बाजाराजवळ एक जुनं किराणा दुकान आहे. मालकाला गल्लीतली लहानथोर सगळीच आप्पा म्हणतात. त्यांची पुतणी धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. पगार झाला की ती गावी येते आणि महिन्याचं सामान भरून नेते. मात्र काकांच्या दुकानातून नाही, गावाबाहेर मोठ्या रस्त्याला जे गारेगार मार्ट झालंय तिथून. दोघांत भांडण नाही, पण वाद कायमचा आहे आणि ऐकण्यासारखा आहे. नावं छापू नका म्हणाले, म्हणून इथे ते आप्पा आणि ताई.

आप्पा : दोन पिशव्या भरून आणल्यास. बघू दे काय काय आहे.

ताई : बघा की. तूरडाळ, साखर, तेल, चहा, साबण. आणि हे पोरांसाठी.

‘हे’ म्हणजे चिप्सची मोठी पाकिटं, एकावर एक फुकट मिळालेली बिस्किटं आणि नूडल्सचा गठ्ठा. वजनाला हलकं, पण एक अख्खी पिशवी त्यानंच अडवलेली. आप्पांनी चष्मा लावून बिल वाचायला घेतलं. बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत ‘तुमची आजची बचत’ छापलेली होती.

आप्पा : ही बचत कशावर झाली ते पाहिलंस? डाळीवर दोन-तीन रुपये, तेलावर थोडी. बाकी सगळी ह्या फुग्यांवर.

ताई : बचत ती बचत, आप्पा.

आप्पा : जे घ्यायचं मनातही नव्हतं त्याच्यावर बचत कशी होते, ते सांग मला. ह्या धंद्यात केस पांढरे झाले, पण हा हिशेब मला अजून जमला नाही.

ताई : मनात नव्हतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? घरात दोन पोरं आहेत. शाळेतून आली की काहीतरी कुरकुरीत लागतं. ते अर्ध्या किमतीत मिळालं तर बिघडलं कुठे?

आप्पा : अर्ध्या, पण कुणाच्या किमतीच्या अर्ध्या?

आप्पांचा हा प्रश्न साधा नाही. पाकिटावरची कमाल किरकोळ किंमत सरकार ठरवत नाही, कंपनी ठरवते आणि कंपनीच छापते. काही औषधांसारखे अपवाद सोडले तर ती किती असावी याला बंधन नाही. छापलेल्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, एवढंच कायदा सांगतो. म्हणजे ‘५० टक्के सूट’ ज्या आकड्यावरून मोजायची तो आकडाच विकणाऱ्याच्या घरचा. डाळीत ही सोय नाही. तुरीचा भाव बाजारात चार दुकानं फिरलं की कळतो. कुणी २५० छापून १२५ ला दिली तर गिऱ्हाईक तोंडावर हसेल.

आप्पा : आणि डाळीचा धनी कोण, ते सांग. शेतकऱ्यानं बाजार समितीत आणली, व्यापाऱ्यानं उचलली, मिलवाल्यानं भरडली, मी कट्टा आणून उघडला. किलोमागे माझ्या हातात दोन-चार रुपये. त्यात तूट आली, किडे आले, उधारी आली. ह्यात कोण कुणाला काय फुकट देणार? आता चिप्सचं बघ. वीस रुपयांच्या पाकिटात बटाटा कितीचा? बाकी तेल, मसाला, चकचकीत पाकीट, गाडीभाडं, टीव्हीवरची जाहिरात आणि नफा. तिथं जागा आहे म्हणून सूट आहे. कंपनीचा माणूस माझ्याकडेही येतो. म्हणतो, आप्पा, एवढ्या लड्या घ्या, एक लडी वर देतो. मार्टात मात्र तो कपाटाच्या टोकाची जागाच पैसे मोजून घेतो आणि ‘एकावर एक’चा बोर्ड स्वतः लावतो.

ताई : म्हणजे लड्या तुमच्याही दारात आहेतच की.

होत्या. दुकानाच्या तोंडाशी रंगीत पाकिटांची झालर इतकी दाट होती की गल्ल्यावरचे आप्पा दिसायला वाकावं लागत होतं.

आप्पा : आहेत. नाही कोण म्हणतं? गल्लीतलं पोर पाच रुपये घेऊन येतं आणि लडीकडे बोट दाखवतं. त्याला मी फुटाणे दिले तर ते शेजारच्या दुकानात जाईल. पण एकावर एक देऊन मी त्याला दोन खायला शिकवत नाही.

ताई : तेवढी तुमची ऐपत नाही म्हणून.

आप्पा हसले. ह्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मलाही त्यांच्या बाजूनं काही सुचलं नाही. कंपनीनं उद्या त्यांना मार्टासारखीच स्कीम दिली तर ते बोर्ड लावणार नाहीत, असं मला वाटत नाही.

ताई : पाच रुपयांचं निघालंच आहे तर ऐका. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी माणसं डोंगर उतरून येतात, पोरं बरोबर असतात. पाच रुपयांत त्या पोराला काय मिळतं? कटिंग चहासुद्धा येत नाही. भजी घ्यायला गेलं तर वीस लागतात. पाच रुपयांत बंद, छापील आणि शहरातलं पोर खातं तेच, असं एकच मिळतं. तुम्ही त्याला कचरा म्हणा. त्या पोराला त्यात बरोबरी दिसते.

आप्पा : पाच रुपयांत केळं मिळतं. शहादा-तळोद्याकडे केळी-पपईचे मळे पसरलेत, आणि आपण पोरांना हवा भरलेली पाकिटं देतो.

ताई : केळं मिळतं, कबूल. पण ते धडगावच्या वरच्या पाड्यावर चार दिवसांत काळं पडतं. पाकीट दुकानदाराकडे महिनोन्महिने टिकतं. त्याचं नुकसान होत नाही म्हणून तो ते ठेवतो. केळं कोण ठेवणार?

आप्पा : आणि भोंगऱ्या बाजार? होळीच्या आधी डोंगरातली माणसं काय घ्यायची? डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगन. सगळं वजनावर. किलो मागा, पाव मागा, तराजू समोर. तो काय खाऊ नव्हता?

ताई : होता, अजून आहे. मी दरवर्षी बघते. फक्त आता त्याच ओट्यावर डाळ्यांच्या शेजारी लड्या असतात, आणि पोरं आधी लडीकडे जातात.

ह्या देवघेवीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो तराजू. डाळ्या वजनावर विकल्या जातात, त्यामुळे भाव चढला की गिऱ्हाइकाला चढलेला दिसतो. पाकीट किमतीवर विकलं जातं. पाच आणि दहा रुपये हे आकडे कंपन्यांनी वर्षानुवर्षं जपले. जे आकसलं ते वजन. पूर्वी बिस्किटं, चहा, खाद्यतेल अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच बंद करून विकाव्या लागत. वेष्टित वस्तूंच्या नियमांतली ती यादी २०२२ मध्ये गेली आणि ४७ ग्रॅम, ६३ ग्रॅम असली कुठलीही वजनं चालू लागली. तेलातही तेच झालं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पण लिटरसारखीच दिसणारी, आत ८०० किंवा ८५० ग्रॅम भरलेली पिशवी शेजारी ठेवली आणि पाच रुपयांनी स्वस्त दिली, तर घाईत कोण वाचतो?

ही यादी काढताना सरकारनं एक गोष्ट मात्र बरी केली. पाकिटावर एकक किंमत, म्हणजे एक किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅममागची आणि वरच्या पाकिटावर किलोमागची किंमत छापणं बंधनकारक केलं. मी ताईंना त्यांच्याच पिशवीतलं चिप्सचं पाकीट उलटं करायला सांगितलं. मुदतीची तारीख, बॅच नंबर ह्यांच्या गर्दीत, पाकिटाच्या चुणीत ती ओळ सापडली : ग्रॅमला ०.४० रुपये.

ताई : म्हणजे किलोला चारशे!

आप्पा : आणि अर्ध्या किमतीत घेतलंस म्हणून दोनशे. आज माझ्याकडे तूरडाळ सव्वाशेला आहे. सूट मिळूनही डाळीपेक्षा पाऊणशे रुपयांनी महाग पडलं ते.

ताई : ही तुलनाच चुकीची आहे, आप्पा. डाळ कोरडी खाता येते का? तिला गॅस लागतो, तेल लागतं, हिंग-मोहरी लागते आणि तासभर बाई लागते. पाकीट फाडलं की काम झालं. तुमच्या हिशेबात बाईचा तास कधीच धरलेला नसतो.

आप्पा : बरं, डाळ सोड. शेंगदाणे धर. त्यांना तर नुसतं भाजायचं.

ताई : शेंगदाणे ठीक. ते मान्य.

आप्पांचा अर्धा विजय. पण ताईंचा बाईच्या तासाचा मुद्दा मी बाजूला टाकणार नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारतातल्या माणसाच्या मासिक खर्चात धान्याचा वाटा ४.९१ टक्के निघाला आणि पेयं व तयार खाद्यपदार्थांचा ९.६२ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ह्या दुसऱ्या रकान्यात चहा आहे, हॉटेलातलं जेवण आहे, फरसाण-बिस्किटं आहेत. सगळं चिप्सच्या नावावर लावू नये. आणि धान्याचा वाटा घटायला रेशनही कारण आहे. अन्नसुरक्षा कायद्यातलं माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात रेशनकार्डावर जगणारी घरं पुष्कळ आहेत. गहू-तांदळाची चिंता त्यांच्यापुरती कमी झाली. डाळ आणि तेल मात्र बाजारातूनच आणावं लागतं. महागाई बोचते ती तिथे, आणि ‘एकावर एक फुकट’चा बोर्ड नेमका तिथे नसतो.

ताई : साखर आणि तेल मार्टात तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतं, हे तरी मान्य करा.

आप्पा : करतो. साखर तो जवळजवळ खरेदीच्या भावात देतो, कधी तोट्यातही देत असेल. पण ती कुठं ठेवलीय? सगळ्यात आत, शेवटच्या कोपऱ्यात. तिथं पोचेपर्यंत तू चिप्स, चॉकलेट, थंड बाटल्या सगळ्यांच्या दारावरून जातेस. साखरेत सोडलेलं तो तिथं वसूल करतो.

ताई : मग मी डोळे मिटून आत गेले, साखर, तेल, डाळ उचलली आणि डोळे मिटूनच बाहेर आले, तर? तर मी जिंकले आणि मार्टवाला हरला.

आप्पा : कर एकदा. पोरांना बरोबर घेऊन कर.

अख्ख्या वादातलं सगळ्यात अस्सल बोलणं मला हेच वाटलं. रोजच्या वस्तू रोजच छापील किमतीच्या खाली द्यायच्या, हे तंत्र डी-मार्टनं २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान काढल्यापासून महाराष्ट्रात रुजवलं. आता तालुक्याच्या गावातली मार्टंही तोच कित्ता गिरवतात. यादी घेऊन जाणाऱ्याचा त्यात खरोखर फायदा होतो. यादी विसरणाऱ्याकडून तो वसूल होतो. महिनाअखेरीला ज्याच्या हातात मोजकेच पैसे असतात त्याला यादी पाळावीच लागते, हेही खरं. पण पगाराच्या दिवशी यादी कोण पाळतं?

इथपर्यंत आप्पांची बाजू वरचढ होती. मग ताईंनी जे काढलं ते आप्पांना लागलं.

ताई : तुमच्या दुकानात गिऱ्हाईक कुठे उभं राहतं? पायरीखाली, उन्हात. वस्तू तुमच्या पाठीमागे. डोंगरातून आलेली बाई भाव विचारायला कचरते. दोनदा विचारला तर तुमचा पोऱ्या वैतागतो. मार्टात तीच बाई पाकीट हातात घेते, उलटंसुलटं करते, किंमत वाचता आली नाही तर मुलीला वाचायला सांगते आणि नको असेल तर ठेवून देते. कोणी तिला ‘घ्यायचं असेल तर बोल’ म्हणत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला सूट मिळो न मिळो, ती तिथे परत का जाते ते मला समजतं.

आप्पा : आणि ती बाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातला जाते, तेव्हा मागं राहिलेल्या म्हातारीला मार्टवाला उधार देतो का? होळीला माणसं परत येईपर्यंत मी वहीत लिहीत बसतो.

ताई : लिहिता, आणि भावात दोन रुपये चढवूनही लिहिता.

आप्पा : चढवतो. घेतो दोन रुपये. आणि जे परत येत नाहीत त्यांचं काय? ते कुणाच्या बिलात छापतात?

उधारी म्हणजे गरिबाचा विमा आणि गरिबाचा सापळा, दोन्ही एकाच वहीत. वही नसलेल्या घराचं अडलं की ते सावकाराकडे जातं. वही असलेल्या घराला बाजारभाव विचारायची मुभा राहत नाही. ह्या बाबतीत मी कुणाच्याच बाजूनं बोलणार नाही.

पुढे गाडी डाळीच्या भावावर आली. आप्पा ह्या विषयात खुलतात.

आप्पा : महागाई, महागाई म्हणतेस. २०१५ च्या दिवाळीत तूरडाळ दोनशेला गेली होती, तेव्हा ह्याच गल्ल्यावर बायका मला शिव्या देऊन गेल्या. मग सगळ्यांनी तूर पेरली. पुढच्या हंगामात पीक इतकं आलं की ५,०५० चा हमीभाव असून लोकांनी त्याच्या खाली विकली. खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या. तेव्हा कुणी शेतकऱ्याकडे जाऊन शाबासकी दिली का?

ताई : आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा दीडशेच्या वर गेली.

आप्पा : गेली. मग मोझांबिक, म्यानमारची तूर बिनशुल्क येत राहिली, २०२५ मध्ये भाव उतरला. तुला बरं वाटलं. नवापूरच्या तुरीवाल्याला नाही वाटलं. त्याच्या डाळीला भौगोलिक मानांकन आहे म्हणे. मार्टातल्या पाकिटावर कुठं लिहिलंय नवापूर?

ताई : तुमच्या कट्ट्यावर लिहिलंय?

आप्पा : नाही. पण मला विचार, मी सांगेन कुठली आहे ती.

तेलाचं गणित ह्याच्या उलट चाललं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. सोयाबीन तेव्हा ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खाली चाललं होतं आणि शेतकऱ्याला हात देणं हे त्यामागचं कारण होतं. तेलाची पिशवी चढली. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आलं. ताईंच्या तेलाच्या पिशवीचा भाव असा दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं वर जातो आणि दुसऱ्या अधिसूचनेनं थोडा खाली येतो. त्यात मार्टवाल्याचा दोष नाही, आप्पांचाही नाही. चिप्सही तेलातच तळतात, पण तिथे तेल चढलं तर दोन चकत्या कमी पडतात आणि पाच रुपये पाचच राहतात. डाळीच्या फोडणीला असं लपता येत नाही.

ताई : मग सरकारनं काहीतरी करावं ना. इंग्लंडात बघा, १ ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या दुकानांत असल्या तेलकट-गोड वस्तूंवर एकावर एक फुकट द्यायलाच बंदी आली. मेक्सिकोनं तर २०१४ पासून जास्त उष्मांकाच्या खाऊवर ८ टक्के जादा कर लावला.

आप्पा : म्हणजे तू माझ्याच बाजूची निघालीस की!

ताई : नाही. ते देश श्रीमंत आहेत किंवा त्यांच्याकडे लठ्ठपणाचा प्रश्न मोठा आहे. माझ्या वर्गात कमी वजनाची पोरं आहेत. त्यांच्या आईच्या हातातून अर्ध्या किमतीचं पाकीट काढून घ्यायच्या आधी डाळ स्वस्त करा, मग बोला.

ह्या उत्तरावर मी बराच वेळ अडलो. बंदी आणि जादा कर हे गरिबाच्या पोटावर प्रयोग होऊ शकतात, हे ताईंचं भय खरं आहे. पण कमी वजनाच्या पोराची भूक पाच रुपयांच्या पाकिटानं मारली जाते आणि मग ते घरची भाकर-डाळ नीट खात नाही, ही तक्रार अंगणवाडीत जाऊन कुणालाही विचारावी. कुपोषणासाठी जो जिल्हा वारंवार बातम्यांत येतो, तिथे हा प्रश्न लठ्ठपणाहून वेगळा असला तरी लहान नाही. इथे माझं मत आप्पांच्या बाजूला झुकतं.

आणि कर? आपल्याकडे उलटंच घडलंय. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या डाळीवर नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा बिस्किटांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, फरसाण-भुजियावरचा १२ वरून ५ वर. पाकिटबंद डाळीवरचा ५ होता, तो ५ राहिला. आजच्या घडीला पाकिटातली तूरडाळ आणि पाकिटातली शेव सरकारच्या लेखी एकाच पायरीवर आहेत. बिस्किटांवरची कपात मध्यमवर्गाला आवडली, मलाही आवडली. पण छोट्या पुड्यांवर कंपन्यांनी किंमत कमी करण्यापेक्षा ग्रॅम वाढवणं सोयीचं मानलं. म्हणजे करकपातीतूनही जास्त खाणंच वाट्याला आलं, खिशात पैसे राहिले नाहीत.

आप्पा : ह्या लोकांना एक लाटणं मोर्चा पाहिजे पुन्हा.

आप्पांचा हा हातचा एक्का आहे. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. तेल, साखर, रॉकेल मिळेना म्हणून हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. साठेबाज समोर दिसत होता, सचिवालय समोर दिसत होतं.

ताई : आज लाटणं घेऊन कुणाच्या दारात जायचं, आप्पा? तुमच्या? मार्टच्या? मार्टवाला दारात पोचायच्या आधीच एक बिस्किटाचा पुडा फुकट देईल.

हे ताई चेष्टेत म्हणाल्या, पण मला जे सांगायचंय ते ह्यातच आहे. डाळ-तेलाच्या भावानं चिडलेला माणूस मार्टातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात ‘तुमची आजची बचत’ असते. ज्यानं महिना जड केला ते बिलाच्या वरच्या ओळींत बारीक अक्षरांत राहतं आणि जे नव्हतं घ्यायचं त्यावरची सूट तळाशी ठळक छापून येते. चीड तिथेच विरते. चिप्सवरची सूट पोटासाठी वाईट की चांगली हा वाद डॉक्टर घालतील. महागाईवर उतारा म्हणून ती दिली जाते, तेव्हा ती खोटी आहे, एवढं मी ठामपणे म्हणेन.

मार्ग निघाला तो ताईंकडून, आणि आप्पांना तो अजिबात आवडला नाही.

ताई : आमच्या शाळेतल्या बारा-पंधरा घरांनी मिळून महिन्याची डाळ एकदम घेतली तर? नवापूरच्या बचत गटाकडून, सुटी, वजनावर. मुंबईत ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करतेय. शेजारपाजारच्या घरांचा संघ करायचा, मागणी एकत्र नोंदवायची, सामान एकदम येतं, वाटून घ्यायचं. ना दुकान, ना बोर्ड, ना लडी.

आप्पा : आणि मी काय करायचं? लड्या मोजत बसायचं?

ताई : तुम्ही वजन करून द्या. तराजू तुमचाच आहे ना?

आप्पा काही बोलले नाहीत. एक गिऱ्हाईक आलं, त्यानं पाव किलो शेंगदाणे मागितले.

वाचकांना माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे. पुढच्या वेळी सुटीचा बोर्ड दिसला की पाकीट उलटं करा आणि एकक किंमत शोधा. तेलाच्या पिशवीवर लिटर न बघता ग्रॅम बघा. एकक किंमत छापलेलीच नसेल, वजन कमी भरलं असेल किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि आमदार-खासदार मतं मागायला दारात येतील तेव्हा त्यांना विचारा की पाकिटातल्या तूरडाळीवर आणि पाकिटातल्या शेवेवर सारखाच कर का आहे.